टीचिंग फिलॉसॉफी लिहायचीये? आधी वर्गात तुम्ही काय करता ते बघा

इंटरनॅशनल स्कूलचा फॉर्म भरायला घेतला की रेझ्युमे, कव्हर लेटर, डिग्रीचे स्कॅन हे सगळं पटापट होतं आणि मग एक रकाना येतो, तुमची टीचिंग फिलॉसॉफी लिहा, शब्दमर्यादा पाचशे. बरेच जण इथेच अडकतात. दहा वर्षं उत्तम शिकवणारे लोकही अडकतात, कारण आपण रोज वर्गात उभे राहतो पण असं का शिकवतो हे आपल्याला कोणी विचारलेलंच नसतं. मग गूगल होतं, चार सॅम्पल वाचली जातात, आणि जे तयार होतं ते सगळ्यांचं सारखंच असतं: मी विद्यार्थीकेंद्री अध्यापनावर विश्वास ठेवते, प्रत्येक मूल वेगळं असतं, भाषा म्हणजे संस्कृतीची खिडकी वगैरे.

मी जर्मन शिकवते, पुण्यात, आणि अधूनमधून मुलाखतीच्या पॅनेलवरही बसते, त्यामुळे असे कागद दोन्ही बाजूंनी बघितलेत. ज्युनियर मैत्रिणी ड्राफ्ट पाठवतात तेव्हा मी जे सांगते तेच इथे सविस्तर लिहितेय. जर्मन, फ्रेंच, जपानी, स्पॅनिश, इंग्रजी, हिंदी, मराठी, भाषा कुठलीही असो, काम एकच आहे.

हे मागतं कोण ते आधी बघू. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या पवित्र पोर्टलवरच्या (राज्य सरकारच्या शिक्षकभरतीच्या वेबसाइटवरच्या) भरतीत असा कागद लागत नाही, तिथे अभियोग्यता चाचणीचे मार्क चालतात. हा प्रकार मुख्यतः आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) आणि केंब्रिज बोर्डाच्या शाळांमध्ये, काही खाजगी विद्यापीठांत आणि परदेशात अर्ज करताना येतो. अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीत भाषेच्या लेक्चरर पोस्टसाठी सीव्ही, कव्हर लेटर, टीचिंग स्टेटमेंट, एखादा सॅम्पल सिलॅबस, विद्यार्थ्यांचे फीडबॅक असं पुडकं मागतात आणि स्टेटमेंट साधारण एक ते दोन पानी असतं. शाळांच्या फॉर्मवर तीनशे ते पाचशे शब्दांचा रकाना असतो. आणि जिथे लेखी मागत नाहीत तिथेही मुलाखतीत "तुमची शिकवायची पद्धत काय?" हा प्रश्न येतोच, म्हणजे हे काम एकदा नीट केलं की वाया जात नाही.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एन. एस. प्रभू हे नाव इंग्रजी शिकवणाऱ्यांनी ऐकलेलं असेल, १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांमध्ये त्यांनी बंगलोर प्रोजेक्ट चालवला, व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना कोडी, वेळापत्रकं, नकाशे अशी डोकं चालवायला लावणारी कामं देऊन इंग्रजी शिकवलं. टास्क बेस्ड टीचिंग म्हणून आज जगभर जे चालतं त्याच्या मुळाशी हा प्रयोग आहे. याच प्रभूंनी १९९० मध्ये एका लेखात असं मांडलं की सगळ्यात चांगली पद्धत कोणती हा प्रश्नच फार उपयोगाचा नाही, शिक्षकाच्या मनात आपल्या शिकवण्यातून शिकणं नेमकं कसं घडतंय याची स्वतःची एक समज असते, ती जिवंत आहे की नाही ते महत्त्वाचं. पद्धत कुठलीही असो, शिक्षक ती यंत्रासारखी उरकत असेल तर काही होत नाही.

टीचिंग फिलॉसॉफी म्हणजे हीच समज कागदावर आणायची. ती पुस्तकातून उचलता येत नाही, ती तुमच्या वर्गातल्या छोट्या छोट्या निर्णयांत आधीपासून असते, आपण फक्त ती खणून काढायची. म्हणून "माझा विश्वास कशावर आहे" असं मनाशी विचारत बसू नका, त्यातून फक्त सुभाषितं निघतात. "मी काल वर्गात काय केलं आणि दुसरं काही का नाही केलं" असं विचारा.

हे करायचं कसं? दोन आठवडे तास संपल्यावर पाच मिनिटं वहीत लिहा. पाठ टाचण नाही लिहायचं, ते तासाच्या आधीचं असतं आणि त्यात सगळं छान छानच असतं. तासात कुठे थांबलात, कुठे प्लॅन सोडला, कोणाला मुद्दाम प्रश्न विचारला, कोणाला मुद्दाम नाही विचारला, एवढंच. जमलं तर एक तास फोनवर रेकॉर्ड करा, शाळेत असाल तर रीतसर परवानगी घेऊन, आणि घरी ऐका. आपण किती बोलतो आणि मुलं किती बोलतात हे कळायला यासारखा उपाय नाही. बी.एड. नुकतंच झालंय त्यांच्याकडे आंतरवासितेच्या वह्या आणि निरीक्षकांचे शेरे असतात, सेल्टा (इंग्रजी शिकवण्याचा केंब्रिजचा सर्टिफिकेट कोर्स) केलेल्यांकडे वर्गातून काय शिकलो यावरची असाइनमेंट असते, हे सगळं कपाटातून बाहेर काढा, कच्चा माल तिथेच आहे.

मग या नोंदींत तीन-चार जागा शोधा जिथे प्रत्येक भाषा शिक्षकाला निर्णय घ्यावाच लागतो. मी दोन जागा खोलात सांगते कारण बहुतेक चांगले कागद या दोनमधूनच तयार होतात.

पहिली, चुका. मुलगा रविवारी काय केलं ते जर्मनमध्ये सांगतोय, "इश हाबे इन्स किनो गेगांगन" (मी सिनेमाला गेलो) म्हणतो, इथे हाबे नाही बिन पाहिजे. तुम्ही काय करता? लगेच थांबवता? की "आ, डू बिस्ट इन्स किनो गेगांगन, आणि मग?" असं बरोबर वाक्य सहज म्हणून पुढे जाता? आपल्यापैकी बरेच जण हा दुसरा मार्ग घेतात, कारण मुलाचा उत्साह मोडत नाही. पण कॅनडात लिस्टर आणि रांटा या दोघांनी फ्रेंच इमर्शनच्या, म्हणजे जिथे शाळेचे विषयच फ्रेंचमधून शिकवतात अशा वर्गांचा अभ्यास केला, १९९७ मध्ये छापून आला, त्यात दिसलं की शिक्षकांच्या दुरुस्त्यांपैकी निम्म्याहून जास्त याच प्रकारच्या होत्या आणि नेमक्या याच दुरुस्तीला मुलांचा प्रतिसाद सगळ्यात कमी होता. वर्गात बघितलं तर पटतं, मुलगा "या, या" (हो, हो) म्हणतो आणि पुढच्या वाक्यात पुन्हा हाबे. त्याला वाटतं बाई आपलं ऐकून मान डोलावतायत.

मी काय करते, तर मुलं बोलत असताना थांबवत नाही, पण फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चुकलेली वाक्यं नाव न घालता लिहीत जाते, आणि शेवटची सात-आठ मिनिटं सगळ्यांनी मिळून ती दुरुस्त करायची. वाक्य कोणाचं ते बहुतेक वेळा त्याला स्वतःलाच कळतं आणि तोच आधी हात वर करतो. हे चांगलं की वाईट यावर वाद होऊ शकतो, काही शिक्षक म्हणतील की तोपर्यंत उशीर होतो, आणि उच्चाराच्या चुकांच्या बाबतीत मला ते मान्यच आहे, तिथे मी जागच्या जागी थांबवते. पण वाद होण्यासारखं काही तुमच्या कागदात असणं हीच तर चांगली खूण आहे. ज्या वाक्याला कोणीच विरोध करू शकत नाही ते वाक्य तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही. "मी विद्यार्थ्यांचा आदर करते" याला कोण नाही म्हणणार?

दुसरी जागा, वर्गात मातृभाषा किती वापरायची. यावर भाषा शिक्षकांत कायम भांडणं आहेत. अमेरिकेतली अ‍ॅक्टफल ही भाषा शिक्षकांची मोठी संघटना नव्वद टक्के किंवा जास्त वेळ शिकायचीच भाषा वापरा अशी शिफारस करते, आपल्याकडे बऱ्याच क्लासेसमध्ये उलट प्रमाण असतं. तुम्ही कुठे आहात आणि का, हे सांगता आलं पाहिजे.

माझं उदाहरण देते. जर्मनमधलं "मीर गेफेल्ट डास बूख" इंग्रजीतून समजावायला गेलं की मुलं गोंधळतात, कारण आय लाइक मध्ये मी कर्ता असतो आणि इथे पुस्तक कर्ता आहे. पण "मला हे पुस्तक आवडतं" शेजारी लिहिलं की काम झालं, कारण आपल्याकडेही आवडतं हे पुस्तकाप्रमाणेच चालतं. पुस्तकं झाली की आपण आवडतात म्हणतो, जर्मनही गेफालन म्हणतो. शाळेत स-ला-ते घोकलेल्या मुलाला डाटिव, म्हणजे जर्मनमधली चतुर्थी, म्हणजे काय हे दोन मिनिटांत कळतं. वर्गात तमिळ मुलगी असेल तर तिच्या भाषेतही एनक्कु असंच चालतं, हिंदीत मुझे आहेच, म्हणजे फक्त मराठी मुलांचा फायदा होतो असंही नाही. पण हीच युक्ती पुढे अंगाशी येते, कारण आपला "ला" द्वितीयेलाही चालतो आणि चतुर्थीलाही, मग "मी त्याला बघतो" याचं जर्मन करताना मुलं चतुर्थीचं इम लिहितात, तिथे द्वितीयेचं इन पाहिजे. म्हणून मी मातृभाषेचा आधार रचना पहिल्यांदा समजावताना देते आणि दुसऱ्या तासापासून काढून घेते, आणि कुठे तो दगा देतो ते मुलांकडूनच शोधून घेते.

बघा, एवढ्यात तुम्हाला माझ्याबद्दल किती कळलं. मला व्याकरण येतं, मुलांच्या डोक्यात काय चाललंय याचा अंदाज आहे, वर्गात वेगवेगळ्या भाषांची मुलं आहेत याचं भान आहे, आणि माझी पद्धत कुठे कमी पडते तेही माहीत आहे. मी यातला एकही गुण नाव घेऊन सांगितला नाही. पॅनेलला हेच हवं असतं.

बाकीच्या जागा पटकन सांगते. परीक्षा आणि भाषा यांचं काय करता, ही जपानी शिकवणाऱ्यांसाठी फार मोठी जागा आहे, कारण जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेत बोलण्याची परीक्षाच नाही, एन पाच ते एन एक सगळ्या लेव्हल्सना वाचन, ऐकणं, शब्द, व्याकरण, मग विद्यार्थी एन तीन पास होतो आणि जपानी क्लायंट समोर आला की गप्प. तुम्ही बोलण्यासाठी वेळ कुठून काढता आणि "हे परीक्षेला नाहीये ना" म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला काय सांगता? यावर प्रामाणिकपणे दीडशे शब्द लिहिलेत तर अर्धा कागद झाला. जर्मन फ्रेंचवाल्यांना चारही कौशल्यांची परीक्षा असते पण तिथे प्रश्न वेगळा, नर्सिंगसाठी जर्मनीला निघालेली मुलगी, मास्टर्सवाला इंजिनिअर आणि दहावीचा मुलगा एकाच बॅचला बसलेत. इंग्रजीवाल्यांसाठी, मुलाला बोलता येतं पण लाजतो, किंवा घरी कोणीच इंग्रजी बोलत नाही. आणि मागच्या बाकावर गप्प बसणारा, जो प्रत्येक वर्गात असतो, त्याला तुम्ही कसं बोलतं करता.

हे सगळं लिहून झालं की सगळं कागदात घालायचं नाही. दोन घ्या, फार तर तीन. आणि त्यांच्यात धागा आहे का बघा. माझ्या वरच्या दोन उदाहरणांत धागा आहे, दोन्हीकडे मूल स्वतः चूक शोधतंय, मी फक्त ती दिसेल अशी मांडून ठेवतेय. तोच माझ्या कागदाचा मुख्य मुद्दा, आणि तो मला उदाहरणं लिहिल्यावर सापडला, आधी नाही. तुमचाही बहुतेक असाच सापडेल, त्यामुळे पहिलं वाक्य शेवटी लिहा.

थिअरी किती घालायची हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. क्रॅशन, वायगोत्स्की, ज्ञानरचनावाद, ब्लूम, शिक्षणशास्त्रातली ही सगळी नावं एका परिच्छेदात आणणारे कागद येतात आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या माणसाने बी.एड.ला हे सगळं मेहनतीने वाचलेलं असतं आणि इथे त्याचा लोणच्याच्या फोडींसारखा वापर होतो. एक नाव घ्या, जे तुमच्या निर्णयाशी खरोखर जोडलेलं आहे, आणि एका वाक्यात का ते सांगा. उदाहरणार्थ क्रॅशन म्हणतात समजेल असं आणि किंचित वरचं ऐकायला वाचायला भरपूर मिळालं की भाषा येते, आणि मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये कॅनडातल्याच फ्रेंच इमर्शनच्या मुलांकडे बघून सांगितलं की वर्षानुवर्षं भरपूर ऐकूनही त्यांच्या बोलण्या-लिहिण्यात व्याकरण कच्चं राहिलं, म्हणजे मुलांना स्वतःला बोलायला आणि लिहायला लावावंच लागतं. तुमचा वर्ग बोलण्यावर उभा असेल तर स्वेन तुमच्या कामाच्या, गोष्टी ऐकवण्यावर उभा असेल तर क्रॅशन. दोन्ही नावं नुसती शेजारी शेजारी ठेवलीत तर वाचणाऱ्याला वाटतं तुम्ही दोघांनाही वाचलेलं नाही. आणि एकही नाव नसलं तरी शाळेच्या अर्जात काही बिघडत नाही, युनिव्हर्सिटीच्या अर्जात एखादं असावं.

लिहिताना माझा एक सल्ला, पहिला ड्राफ्ट मराठीत लिहा. किंवा ज्या भाषेत तुम्ही घरी बोलता त्या भाषेत. कागद शेवटी इंग्रजीत जाणार आहे हे खरं, पण इंग्रजीत सुरुवात केली की हाताखाली तयार शब्द येतात, होलिस्टिक, इंटरॅक्टिव्ह, नर्चरिंग, आणि ते भरत गेलं की काही विचारच करावा लागत नाही. मराठीत "मी नर्चरिंग वातावरण निर्माण करते" असं आपण मैत्रिणीला सांगणार नाही. आपण सांगू की "अगं, पहिले दोन आठवडे मी कोणाला उभं करून विचारतच नाही, बाकावर बसूनच बोलायचं, जोडीदाराशी." हे वाक्य इंग्रजीत न्या, ते तिथेही चांगलंच दिसतं.

एक नमुना दाखवते, हा ड्राफ्ट मी इथे बनवलेला आहे पण अगदी असेच ड्राफ्ट येतात. आधीचं: "मी संवादात्मक पद्धतीचा वापर करून विद्यार्थ्यांची चारही कौशल्ये विकसित करते. माझा वर्ग आनंददायी असतो. मी तंत्रज्ञानाचा प्रभावी वापर करते." आता याच शिक्षिकेला चार प्रश्न विचारायचे. कोणता वर्ग? आठवीचा, फ्रेंच, दुसरं वर्ष. संवाद म्हणजे नेमकं काय? बाजारात भाव विचारणं. तंत्रज्ञान कुठलं? फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवतात. का? वर्गात चाळीस मुलं, एकेकाचं ऐकायला वेळच नाही. मग नंतरचं असं होतं: "माझ्या आठवीच्या फ्रेंचच्या वर्गात चाळीस मुलं आहेत आणि तास पस्तीस मिनिटांचा, म्हणजे प्रत्येकाला एक मिनिटही मिळत नाही. म्हणून बाजारात भाव विचारायचा संवाद मुलं जोडीने घरी रेकॉर्ड करून पाठवतात. मी प्रत्येक रेकॉर्डिंगला एकच सूचना देते, आणि तीच जोडी तोच संवाद पुढच्या आठवड्यात पुन्हा पाठवते. दुसऱ्या रेकॉर्डिंगला मार्क असतात, पहिल्याला नसतात, कारण पहिल्या वेळी त्यांनी बिनधास्त बोलावं असं मला वाटतं." तंत्रज्ञान, संवाद, आनंद, मूल्यमापन, सगळं आलं, आणि ही बाई आपल्या शाळेत आली तर काय करेल हे डोळ्यासमोर उभं राहिलं. शेवटचा "कारण" विसरू नका, नाहीतर तो नुसता वर्गाचा अहवाल होतो. काय करता आणि का करता, दोन्ही लागतं.

चॅटजीपीटीकडून लिहून घेणारे आता खूप आहेत. इंग्रजी तपासायला, स्पेलिंग, एखादं वाक्य सुटसुटीत करायला घ्या मदत, त्यात काही गैर नाही. पण मजकूरच त्याच्याकडून घेतलात तर मुलाखतीत पॅनेलमधलं कोणीतरी "याचं एक उदाहरण सांगा ना" म्हणणार आणि तिथे आपल्याकडे काही नसणार. चांगल्या चांगल्या उमेदवारांना त्या क्षणी अडखळताना बघणं फार त्रासाचं असतं, कारण त्यांच्याकडे उदाहरणं असतात, फक्त त्यांनी ती कधी शोधलेली नसतात.

नवीन आहात, अनुभव नाही, तरी लिहिता येतं. "भविष्यात मी असं करेन" ने भरलेला कागद मात्र कोणाला पटत नाही. तुम्ही कधीतरी कोणाला तरी काहीतरी शिकवलंय, आंतरवासितेत, शेजारच्या मुलाला दहावीला, ऑनलाइन एखाद्या परदेशी माणसाला मराठी किंवा हिंदी. आणि तुम्ही स्वतः ती भाषा शिकलायत, तेही मोठेपणी, म्हणजे काय अवघड जातं हे तुम्हाला त्या देशात जन्मलेल्या शिक्षकापेक्षा जास्त माहीत आहे. ही तुमची जमेची बाजू आहे, भारतीय उमेदवार ती लपवतात याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. परदेशी शिक्षकाच्या तुलनेत आपण कमी असं समजून लिहू नका. तुम्ही स्वतः कुठे अडकला होतात आणि कशाने सुटलात, ते एक नेमकं उदाहरण द्या आणि त्यावरून आता वर्गात काय करता ते सांगा.

प्रत्येक ठिकाणासाठी कागद थोडा बदलावा लागतो. गाभा तोच, उदाहरण आणि शब्द त्यांचे. आयबी शाळेत अर्ज करताय तर त्यांच्याकडे लँग्वेज बी (भाषा आधी थोडी शिकलेल्यांसाठी) आणि अ‍ॅब इनिशिओ असे वेगवेगळे कोर्स असतात, अ‍ॅब इनिशिओ म्हणजे भाषा नव्याने सुरू करणाऱ्यांचा, त्याची तोंडी परीक्षा चित्र दाखवून सुरू होते, तुम्ही वर्गात चित्रावरून बोलायला लावत असाल तर तेच उदाहरण निवडा. त्यांच्या लर्नर प्रोफाइलमधले (विद्यार्थी कसा असावा याच्या यादीतले) दहाच्या दहा गुण कागदात पेरायची गरज नाही. युरोपियन भाषा असेल तर ए वन पासून सी टू पर्यंतच्या लेव्हल्स सगळ्यांना समजतात, तुमचं उदाहरण ए टू चं की बी वन चं एवढं सांगा की वाचणारा लगेच जागेवर येतो. अमेरिकेत पाठवताय तर तिथे अ‍ॅक्टफलची भाषा चालते, विद्यार्थ्याला काय "करता येतं" यावर भर, आणि नव्वद टक्क्यांचा मुद्दा वर सांगितलाच, तुम्ही मातृभाषेच्या बाजूचे असाल तर ते लपवू नका पण केव्हा आणि किती वेळ हे नेमकं लिहा. शिवाय तिथल्या वर्गात तुमची स-ला-ते ची युक्ती चालणार नाही हेही तुम्हाला कळलंय असं दिसू द्या.

तिथे हिंदी किंवा मराठी शिकवायची जागा असेल तर आणखी एक गोष्ट. वर्गात निम्मी मुलं अशी असू शकतात जी घरी आजीचं सगळं समजतात पण उत्तर इंग्रजीत देतात, लिपी येत नाही, आणि शेजारी पहिल्यांदाच भाषा ऐकणारा मुलगा बसलेला. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळांत शनिवार-रविवार शिकवणाऱ्या ताया आणि काका हेच वर्षानुवर्षं सांभाळतायत, पण स्वयंसेवक म्हणून केलं म्हणून ते अर्जात एका ओळीत उरकतात. तसं करू नका. "समजतं पण बोलत नाही" अशा मुलाला बोलतं करायचा अनुभव हा त्या नोकरीसाठी सोन्यासारखा आहे, तोच मुख्य परिच्छेद करा.

काही बारीक गोष्टी. मुलांची खरी नावं घालू नका, "सातवीतली एक मुलगी" पुरे. आधीच्या शाळेबद्दल, तिथल्या मॅनेजमेंटबद्दल तक्रारीचा सूर नको. आकडे दिलेत तर ते विचारले जाणार हे धरून द्या, "शंभर टक्के निकाल" लिहिलंत तर पुढचा प्रश्न वर्गात किती मुलं होती हाच असतो. मोठमोठ्या माणसांची वाक्यं सुरुवातीला नकोत, पहिल्या दोन ओळी फार मोलाच्या असतात आणि तिथे दुसऱ्याचं बोलणं कशाला. सगळं "मी" लावून, वर्तमानकाळात लिहा. आणि झालं की अशा व्यक्तीला वाचायला द्या जी शिक्षक नाही, नवरा, बहीण, कोणीही, आणि विचारा की माझा वर्ग तुला दिसला का, काय दिसलं ते सांग. त्यांनी "छान लिहिलंयस" एवढंच म्हटलं तर अजून काम बाकी आहे.

शेवटचा भाग डेमोचा, आणि इथे बरेच अर्ज हातचे जातात. कागद आणि डेमो लेसन, म्हणजे पॅनेलसमोर शिकवून दाखवायचा छोटा तास, एकमेकांशी जुळले पाहिजेत. कागदावर लिहिलंय की माझ्या वर्गात मुलं जास्त बोलतात, आणि वीस मिनिटांच्या डेमोत पंधरा मिनिटं तुम्ही फळ्यापाशी. पॅनेलमध्ये कोणाच्या तरी हातात तुमचा कागद असतो हे लक्षात ठेवा. डेमोची तयारी करताना तो कागद शेजारी ठेवा, त्यातला एक मुद्दा निवडा आणि तो डेमोत प्रत्यक्ष दिसेल असं बघा, मग बाकी थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं. चुकांबद्दल लिहिलं असेल तर डेमोत एखादी चूक होऊ द्या आणि तुम्ही तिचं काय करता ते त्यांना बघू द्या. डेमो संपल्यावर "तुम्ही त्या मुलाला तिथे थांबवलं नाहीत, का?" असा प्रश्न आला तर खूश व्हा, कारण त्याचं उत्तर तुम्ही आधीच लिहून बसलायत, फक्त आता तोंडाने सांगायचंय, एका मिनिटात, उदाहरणासकट. घरी दोनदा मोठ्याने सांगून बघा, घड्याळ लावून.